गिधाड, मेलेले ढोर आणि आपण

मराठीत गिधाडाविषयी दोन प्रकारच्या लोकांनी लिहिले आहे. पक्षीनिरीक्षकांनी त्याची गणती केली, आणि आपल्या आत्मकथनकारांनी मेलेल्या ढोराचे वर्णन करताना त्याला वर आकाशात घिरट्या घालताना दाखवले. या दोघांनी एकमेकांचे लेखन वाचल्याचे मात्र दिसत नाही. पक्षीनिरीक्षकाला मेलेले ढोर दिसते ते 'खाद्य' म्हणून. ते ढोर गोठ्यापासून माळापर्यंत कोणी ओढत नेले, हे त्याच्या टिपणवहीत नसते. आपल्या लेखनात ओढणारा असतो, सोलणारा असतो, त्याच्या हाताला चिकटलेला वास असतो. पण गिधाड तेथे ओंगळपणाची एक खूण म्हणून येते आणि जाते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे गिधाड जवळजवळ नाहीसे झाले, आणि त्याला टिकवण्याची खटपट आता ठिकठिकाणी चालू आहे. गिधाड टिकायचे तर मेलेले ढोर उघड्यावर पडले पाहिजे, आणि ते तेथवर कोणीतरी नेले पाहिजे. ते कोणी न्यायचे, हा प्रश्न आपला आहे.

उदाहरण रायगड जिल्ह्याचे घेऊ. १९८१ पर्यंत हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जाई. येथे म्हसळा तालुक्यात चिरगावच्या परिसरात उंच झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी आहेत, आणि महाड तालुक्यात नाणेमाचीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे राहतात. महाडच्या सीस्केप या संस्थेने, म्हणजे प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ग्रामस्थ आणि वनखाते यांना बरोबर घेऊन येथे अनेक वर्षे काम केले. काम ऐकायला साधे आहे. गावात जनावर मेले की निरोप द्यायचा, ते पुरण्याऐवजी ठरलेल्या जागी आणून टाकायचे, घरट्यांची झाडे तोडू द्यायची नाहीत, खाली पडलेले पिल्लू उचलून सांभाळायचे. जिल्ह्यातल्या फणसाड अभयारण्यातही वनखात्याने गिधाडांना असे खाद्य पुरवण्याचा प्रयत्न केला. या अभयारण्याची घोषणा १९८६ ची. त्याआधी ते जंगल जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची जागा होते. अशा कामामुळे चिरगावची वसाहत टिकली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा माणसांच्या घरांबरोबर या पक्ष्यांची झाडेही मोडली.

वादळाहून चिवट गोष्ट म्हणजे जिल्ह्याची वाढ. उत्तरेला मुंबई पसरत पनवेलपार आली, तेथे २०२५ मध्ये नवा विमानतळ सुरू झाला. महाड आणि रोहे येथे रासायनिक कारखान्यांच्या वसाहती आहेत, दिघीला बंदर आहे, आणि महामार्ग रुंद होताना रस्त्याकडेची जुनी झाडे गेली. शेती परवडत नाही म्हणून तरुण मुंबईला जातो, त्याच्यामागे गोठा रिकामा होतो. नांगराला बैलाऐवजी यंत्र लागते. म्हणजे गिधाडाचे झाड कमी होते आणि ताटही कमी होते. पण नाश झाला तो या वाढीने नव्हे. नाशाचे कारण वेगळे आहे, आणि ते नीट समजून घेतले नाही तर दोष भलत्याच्याच माथी जातो.

त्याआधी थोडे गिधाडाच्या जेवणाविषयी. गिधाडाची चोच बळकट असली तरी मोठ्या बैलाचे अखंड कातडे तिला सहजासहजी फुटत नाही. डोळे, तोंड, मागची बाजू अशा मऊ जागांतून त्याला सुरुवात करावी लागते, नाहीतर कोल्ह्याकुत्र्याने ढोर फाडण्याची वाट पाहावी लागते. सोललेले ढोर समोर आले तर मात्र गिधाडांचा थवा तासाभराच्या आत नुसता सांगाडा शिल्लक ठेवतो. गावाबाहेरच्या माळावर, जिला काही भागांत ढोरफोडी म्हणत, त्या जागी नेमके हेच घडत होते. आधी माणूस ढोर ओढून आणी, सोली, मग वरून गिधाडे उतरत. मेलेले ढोर कुजू न देता फस्त करणाऱ्या ज्या यंत्रणेचे आज कौतुक होते, तिचा पहिला अर्धा भाग माणसाच्या हातांनी चाले, आणि ते हात कोणत्या वाड्यातून येत हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. माझ्या आजोबांचे हात त्यांतले होते. वडिलांनी ते काम सोडले.

वृत्तपत्रे गिधाडाला 'निसर्गाचा सफाई कामगार' म्हणतात. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो, तरी हा शब्द मला खटकतो. गिधाड मेलेले खाते, कारण त्याचे शरीर तसे घडले आहे. त्याच्या जठरातील आम्ल इतके जहाल असते की अनेक रोगजंतू त्यात टिकत नाहीत. जन्मानेच काम ठरलेले असणे हे पक्ष्याच्या बाबतीत खरे आहे. माणसाच्या बाबतीत ते कधीच खरे नव्हते. पण ते तसे आहे असे भासवण्यासाठी या देशात शास्त्रे रचली गेली. जातीने नेमून दिलेल्या कामाला 'निसर्ग' म्हणण्याची सवय ज्या समाजाला आहे, त्याने गिधाडाला कामगार म्हणताना दोनदा विचार करावा. आणि कामगार म्हणायचेच असेल तर ज्याला हातमोजे, मजुरी आणि निवृत्तिवेतन मिळायला हवे होते त्या माणसासाठी तो शब्द आधी वापरावा.

आता नाशाचे कारण. गुरांच्या अंगदुखीवर, सुजेवर आणि तापावर डायक्लोफिनॅक हे औषध १९९० नंतर भारतात सर्रास वापरात आले. ते स्वस्त होते आणि लंगडणारा बैल लवकर उभा राही. ज्याचे पोट त्या बैलावर होते त्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्लाचे पांढरे थर आतल्या अवयवांवर साचतात आणि पक्षी मरतो. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या तपासातून हे २००४ मध्ये सिद्ध झाले. शंभर ढोरांमागे एकाहूनही कमी ढोरात हे विष असले तरी जात संपायला पुरते, कारण एका ढोरावर थवाच्या थवा उतरतो आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी भरतपूरला ही घट आधीच टिपली होती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारास एक या प्रमाणात उरली. लांब चोचीची शंभरातली सत्त्याण्णव गेली.

सरकारने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या म्हणून २०१५ मध्ये बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणला. अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन ही गिधाडांना तितकीच घातक औषधे गुरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडले, निमेसुलाइडला डिसेंबर २०२४. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध या सबंध काळात उपलब्ध होते.

गिधाड गेल्याची किंमत माणसानेही मोजली. ढोरे कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज केला आहे की गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले. ढोरे टाकण्याच्या जागेला लागून कोणाची वस्ती असते, हे ज्याने गाव पाहिले आहे त्याला ठाऊक आहे.

इतके सगळे माहीत असूनही अधूनमधून एक सूर ऐकू येतो. पूर्वीच्या गावगाड्यात मेलेल्या जनावराची चोख व्यवस्था होती, 'त्या लोकांनी' काम सोडले आणि ती मोडली, म्हणून गिधाडे उपाशी मेली, असे म्हटले जाते. बोलणारा बहुधा सुशिक्षित असतो आणि पर्यावरणाचे नाव घेऊन बोलतो, म्हणून या म्हणण्याचा हिशेब मांडणे भाग आहे. काम सोडण्याची हाक १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत दिली गेली, म्हणजे गिधाडांसाठी धडपडणाऱ्या याच जिल्ह्यात. चवदार तळ्याचे पाणी सर्वांना आठवते, पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असेही निक्षून सांगितले होते. पुढे गावोगाव लोकांनी ढोर ओढण्याचे नाकारले, त्यासाठी बहिष्कार सोसले, मार खाल्ला. १९५६ च्या धर्मांतरानंतर हा नकार सार्वत्रिक झाला, आणि १९५८ च्या कायद्याने महारवतनही गेले. त्यानंतर पाव शतक उलटले तरी गिधाडे भरपूर होती. १९८० च्या सुमारास पांढऱ्या पाठीचे गिधाड जगातील सर्वांत विपुल मोठ्या शिकारी पक्ष्यांत गणले जाई. नकाराने गिधाड मरायचे असते तर ते १९६० सालीच मेले असते. ते मेले १९९० नंतर, औषधाने. तारखा इतक्या उघड असताना दोष नकाराला देणे हे अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही.

हे खरे की आज अन्नाची टंचाईही आहे. गुरे कमी झाली आणि मेलेले जनावर बहुधा पुरले जाते. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत मेलेली गुरे पुरावीच लागली. २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाचीही कत्तल बंद झाली, तेव्हा म्हातारे जनावर गोठ्यात किंवा रस्त्यावर मरते, आणि त्याच्या कातड्याला हात लावण्याची भीती वाटते. ११ जुलै २०१६ ला गुजरातेत उना तालुक्यातील मोटा समढियाळा येथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी झोडपले. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कचेरीसमोर मेलेली ढोरे आणून टाकण्यात आली. महाडच्या नकाराची ही पुढची आवृत्ती होती, आणि पर्यावरणाच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची आहे, कारण मेलेले ढोर ही सबंध समाजाची जबाबदारी आहे हे तिने कचेरीच्या दारात मांडले.

मग गिधाडांसाठी ढोर कोण नेणार? माझा हा प्रश्न कोणत्या एका संस्थेला नाही; ज्यांनी रायगडात हे पक्षी वाचवले त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण योजना जेव्हा वनखात्याच्या कागदावरून गावात उतरते, तेव्हा 'ग्रामस्थांचा सहभाग' या दोन शब्दांच्या आत जात गुपचूप शिरते. बैठकीला पाटलाच्या ओसरीवरची माणसे बसतात आणि ढोर उचलायला बौद्धवाडीत किंवा कातकरीवाडीत निरोप जातो. तेथे कायदा काय सांगतो ते कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आहे. तिच्यानुसार या जाती-जमातींच्या माणसाला मेलेले जनावर उचलायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला लावणे हा गुन्हा आहे. पक्षीसंरक्षणाचे कारण त्यातून सूट देत नाही.

याचा अर्थ गिधाडांना वाऱ्यावर सोडावे असा मुळीच नाही. ढोर वाहून नेणे हे पगारी, यांत्रिक आणि सर्व जातींना खुले असलेले सार्वजनिक काम व्हावे. टेम्पोला दोरखंड ओढणारे चाक बसवले तर दोन माणसे बैल चढवू शकतात, आणि ती दोन माणसे कोणीही असू शकतात. त्यांना हातमोजे, बूट, लसी आणि ठरलेला दर मिळावा. जनावर कोणत्या औषधावर होते याची पशुवैद्यकाकडून नोंद घेतल्याशिवाय ते गिधाडांपुढे जाऊ नये, नाहीतर आपणच त्यांना विष वाढू. गिधाडांचे घरटे नारळावर असल्यामुळे नारळ उतरवता येत नसतील तर बागायतदाराला भरपाई द्यावी, ही कल्पना मला रास्त वाटते. पण मालकाच्या नारळाचा हिशेब होतो आणि मजुराच्या पाठीचा होत नाही, असे चालणार नाही. समितीत वाडीवरची माणसे, विशेषतः बायका, मतासह असाव्यात. झाडे, माळ आणि पाणी यांची खडान्खडा माहिती त्यांच्याजवळ असते.

विद्यार्थ्यांना दोन कामे लगेच करता येण्यासारखी आहेत. तालुक्याच्या बाजारातील औषधांच्या दुकानांत गुरांसाठी काय विकले जाते ते विचारून लिहून काढायचे, आणि बंद असलेले औषध आढळले तर अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करायची. दुसरे ग्रामसभेत. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात पाणी, दिवाबत्ती, गटारे यांवर तरतूद असते. मेलेल्या जनावराच्या वाहतुकीसाठी, मजुरीच्या दरासह, स्वतंत्र तरतूद करावी असा अर्ज द्यायचा आणि त्याची पोच घ्यायची.