दुर्लक्षित पान हुकुमाचे होते तेव्हा

‘बदाम सात’ खेळताना ज्याच्या हाती एक्के आणि राजे आले आहेत त्याचा चेहरा पडलेला असतो, हे सुट्टीत पत्ते कुटलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एरवी मानाची असलेली ही पाने तेथे शेवटपर्यंत हातात अडकून राहतात आणि डाव सुरू होतो तो बदामाच्या साध्या सत्तीने. पान तेच असते. त्याची किंमत मात्र शेजारी कोणते पान लागले आहे यावर ठरते. पत्त्यांच्या खेळातील हे जुने सत्य ‘ट्रेडिंग कार्ड गेम’ या आधुनिक प्रकाराचा तर पायाच आहे.

या प्रकाराची सुरुवात १९९३ साली अमेरिकेत ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाने झाली. त्याचा जनक रिचर्ड गारफिल्ड हा गणिताचा अभ्यासक. नेहमीच्या पत्त्यांत बावन्न पानांचा एकच कॅट सर्वांसाठी असतो. येथे प्रत्येक खेळाडू स्वतःचा कॅट, म्हणजे ‘डेक’, घरूनच रचून आणतो. त्यात किमान ६० कार्डे हवीत आणि मूलभूत जमिनींखेरीज एकाच नावाची चारपेक्षा अधिक कार्डे चालत नाहीत. प्रत्येकाला २० प्राणगुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याचे गुण शून्यावर आणले की सहसा डाव जिंकला जातो. ‘जमीन’ प्रकारची कार्डे ‘माना’ नावाची ऊर्जा देतात आणि त्या ऊर्जेच्या मोबदल्यात मंत्र, प्राणी व यंत्रे खेळता येतात. प्रत्येक खेळीला एकच जमीन मांडता येते. आजवर निघालेल्या हजारो कार्डांतून नेमकी ६० निवडायची असल्याने निम्मा डाव पाने पिसण्यापूर्वीच खेळला गेलेला असतो.

कार्डे बंद पाकिटांतून मिळतात, आत काय निघेल ते आधी कळत नाही. साहजिकच नाणावलेल्या, स्पर्धा जिंकून देणाऱ्या कार्डांना मोठी किंमत येते आणि उरलेली खोक्यात धूळ खात पडतात. खाऊच्या पैशांतून छंद जोपासणाऱ्या विद्यार्थ्याला प्रसिद्ध डेक जसाच्या तसा विकत घेणे परवडत नाही. त्याच्यापुढे एकच वाट उरते : इतरांनी टाकून दिलेल्या कार्डांत काय दडले आहे ते शोधणे. ही वाट खरोखर कोठे पोहोचते का? एका कार्डाच्या कहाणीवरून याचे उत्तर मिळू शकेल.

बर्फाखालची जमीन

जुलै २००६ मध्ये ‘कोल्डस्नॅप’ या संचात ‘डार्क डेप्थ्स’ नावाची एक जमीन आली. तिच्यावर सुरुवातीला बर्फाच्या दहा सोंगट्या ठेवायच्या. तीन माना खर्च केले की एक सोंगटी उचलायची. सर्व सोंगट्या गेल्या की जमिनीचा त्याग होऊन तिच्या जागी ‘मॅरिट लेज’ ही महाकाय शक्ती प्रकट होते. तिचे बळ २०, ती आकाशातून हल्ला करते आणि तिचा नाश करता येत नाही. प्रतिस्पर्ध्याचे प्राणगुणही २०च असल्याने एक फटका पुरेसा.

वर्णन भव्य होते, पण हिशेब केला की उत्साह मावळे. दहा सोंगट्यांसाठी ३० माना लागतात. न वापरलेली ऊर्जा पुढच्या खेळीसाठी साठवता येत नाही. म्हणजे पहिल्याच खेळीला ही जमीन मांडली, पुढे दर खेळीला न चुकता एक साधी जमीन मिळाली आणि दुसरे काहीही न करता सारी ऊर्जा इथेच ओतली, तरी मॅरिट लेज प्रकट व्हायला दहावी खेळी उजाडते. तोवर प्रतिस्पर्धी डाव संपवून मोकळा झालेला असतो. भरीस भर म्हणजे ही जमीन स्वतः ऊर्जा देत नाही. स्पर्धेतील खेळाडूंनी तिच्याकडे पाठ फिरवली यात नवल नव्हते.

तीन वर्षांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, ‘झेंडिकार’ संचात ‘व्हॅम्पायर हेक्समेज’ हे कार्ड आले. दोन माना किमतीचा हा लहानसा प्राणी. त्याचा त्याग केला की समोरच्या कोणत्याही एका कार्डावरील सर्व सोंगट्या उचलल्या जातात. ‘प्लेन्सवॉकर’ नावाची बलाढ्य कार्डे २००७ पासून खेळात आली होती आणि ती सोंगट्यांवरच जगतात. त्यांना एका फटक्यात संपवणे हा हेक्समेजचा सहज दिसणारा उपयोग. परंतु ‘कोणत्याही’ या शब्दात बर्फाखालची जमीनही येत होती. ३० मानांचे काम आता दोन मानांत होऊ लागले.

त्यात आणखी एक भर पडली. २००७ च्या ‘प्लॅनर केऑस’ संचातील ‘अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ’ ही जमीन मांडली की पटावरील प्रत्येक जमीन काळी ऊर्जा देऊ लागते. पहिल्या खेळीला अर्बोर्ग, दुसऱ्या खेळीला डार्क डेप्थ्स. दोन्हींतून दोन काळे माना घेऊन हेक्समेज, आणि लगेच त्याचा त्याग. दुसऱ्याच खेळीला मॅरिट लेज पटावर हजर आणि तिसऱ्या खेळीला हल्ला. कालपर्यंतचे टाकाऊ पान हुकुमाचे ठरले.

दोष हाच प्रश्न

येथे शोधाची पहिली रीत हाती लागते. कार्ड वाचताना त्याचा गुण सर्वांनाच दिसतो. शोधकाने वाचावा तो दोष. दोष नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिला आहे, आणि ते शब्द निष्प्रभ करणारे दुसरे कार्ड कोणते? डार्क डेप्थ्सचा दोष ‘३० माना’ हा नव्हे, ‘दहा सोंगट्या’ हा आहे. प्रश्न असा मांडला की ऊर्जा वाढवण्याच्या खटपटीत न पडता सोंगट्या हटवण्याचा मार्ग शोधला जातो.

पुढे याच जमिनीला आणखी एक सोबती मिळाला. २०१३ च्या ‘गेटक्रॅश’ संचातील ‘थेस्पियन्स स्टेज’ ही जमीन दुसऱ्या जमिनीची नक्कल बनू शकते. ती डार्क डेप्थ्सची नक्कल बनली तर तिच्यावर सोंगट्या नसतातच! मात्र एका नावाचे ‘लेजंडरी’ कार्ड एकाहून अधिक असल्यास, त्या वेळच्या नियमाने दोन्ही बाद होत. त्याच वर्षी जुलैमध्ये नियम बदलला आणि दोहोंपैकी एक निवडून ठेवण्याची मुभा खेळाडूला मिळाली. नक्कल ठेवायची, अस्सल सोडायची; मॅरिट लेज तयार. कार्डांवरील अक्षर न अक्षर तसेच राहिले होते, बदलला तो नियम. म्हणूनच नवा संच येईल किंवा नियम बदलेल त्या दिवशी जुने खोके पुन्हा उघडावे.

जोडी सापडली, पण हाती येईल का?

नवखा खेळाडू बहुधा येथेच फसतो. जोडी सापडल्याच्या आनंदात तो दोन्ही कार्डांच्या चार-चार प्रती घालतो, उरलेल्या जागा आवडत्या कार्डांनी भरतो आणि पाच डाव हरल्यावर जोडीला दोष देतो. दोष असतो गणिताचा.

६० कार्डांच्या डेकमधून सुरुवातीला सात कार्डे मिळतात. एखाद्या कार्डाच्या चार प्रती असतील, तर त्यांतील किमान एक या सातांत असण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. जोडीतील दोन्ही कार्डे एकाच वेळी हाती असण्याची शक्यता मात्र अवघी साडेचौदा टक्के, म्हणजे सात डावांत जेमतेम एकदा. आता प्रत्येक बाजूला त्याच कामाची आणखी चार कार्डे घाला. दोन्ही बाजूंना आठ-आठ झाली की हीच शक्यता सुमारे ४० टक्क्यांवर जाते. कार्डे दुप्पट झाली, संधी मात्र जवळजवळ तिप्पट. पर्यायी कार्डांना एवढे महत्त्व येते ते यामुळे.

डार्क डेप्थ्सच्या डेकमध्ये हे काम इतर दोन दुय्यम कार्डांनी केले. ‘टोलारिया वेस्ट’ ही जमीन हातातून टाकून, तीन माना मोजून, शून्य किमतीचे कोणतेही कार्ड डेकमधून शोधून आणता येते. आणि जमिनीची किंमत शून्यच असते. ‘मडल द मिक्स्चर’ हा मंत्र त्याच पद्धतीने दोन माना किमतीचे कार्ड आणतो. हेक्समेजची किंमत दोन. शोधून आणायला एखादी खेळी जादा जाते, अगदी चार अस्सल प्रती वाढल्यासारखे नव्हे. पण जोडी नशिबावर विसंबून राहत नाही.

एका दोरीवर दोन भार

मॅरिट लेजचा नाश होत नसला तरी तिला डावातून हद्दपार करता येते. ‘पाथ टू एक्झाइल’ हा एका मानाचा मंत्र ते काम सहज करतो, आणि मग जमीन गेली, हेक्समेज गेला, मॅरिट लेजही गेली, असे तिहेरी नुकसान होते. म्हणून अशा डेकमध्ये ‘थॉटसीझ’सारखी, प्रतिस्पर्ध्याच्या हातातील कार्ड आधीच काढून टाकणारी कार्डे लागतात. परंतु अधिक सुंदर उपाय २०१० च्या सुरुवातीस गाजलेल्या ‘थॉप्टर डेप्थ्स’ या डेकमध्ये दिसला.

त्यात दुसरी एक जोडी बसवलेली होती. ‘थॉप्टर फाउंड्री’ एक माना घेऊन एका यंत्राचा त्याग करते आणि बदल्यात एक छोटे उडते यंत्र व एक प्राणगुण देते. ‘सोर्ड ऑफ द मीक’ ही एरवी कोणी हातात न धरणारी तलवार, १/१ बळाचा प्राणी पटावर आला की बाद कार्डांतून परत येते. तलवारीचा त्याग करा, उडते यंत्र मिळवा, तलवार परत येईल. जेवढे माना, तेवढी यंत्रे, तेवढे प्राणगुण. एका शत्रूला हद्दपार करणारा मंत्र या थव्यापुढे निरुपयोगी. आणि नेमकी गंमत अशी की फाउंड्रीची किंमत दोन, तलवारीचीही दोन. हेक्समेज शोधणारा ‘मडल द मिक्स्चर’ ही दोन्ही कार्डेही शोधून देतो. दोन स्वतंत्र योजना एकाच शोधकावर तोललेल्या होत्या. प्रतिस्पर्ध्याने एकीची तयारी करावी तर दुसरी पुढे येई.

जोडी वेगळी, मेळ वेगळा

दोन कार्डांची जोडी हा स्फोट असतो; अनेक किरकोळ कार्डांचा मेळ हळूहळू आवळणाऱ्या फासासारखा असतो. ‘लँटर्न ऑफ इनसाइट’ या २००४ सालच्या कार्डामुळे दोघांच्याही डेकमधील सर्वांत वरचे कार्ड उघडे दिसते. ‘कोडेक्स श्रेडर’ वरचे एक कार्ड बाद करते. ‘एन्स्नेरिंग ब्रिज’ हातातील कार्डांच्या संख्येहून अधिक बळाच्या प्राण्यांना हल्ला करू देत नाही. पहिली दोन कार्डे एकेकटी पाहिली तर कोणी फुकटही घेणार नाही. पण तिन्ही एकत्र आली, की प्रतिस्पर्धी पुढे कोणते कार्ड उचलणार हे आपणच ठरवू लागतो. उपयोगाचे दिसले की बाद, निरुपयोगी असले की खुशाल घेऊ द्यायचे. या डेकने झॅक एल्सिक याने २०१५ मध्ये ओक्लाहोमा सिटीची ग्रां प्री स्पर्धा जिंकली आणि लुईस साल्व्हातो याने २०१८ मध्ये स्पेनमधील बिल्बाओ येथील प्रो टूरचे विजेतेपद मिळवले. टाकाऊ म्हटलेली कार्डे सर्वोच्च स्तरावर जिंकू शकतात, याला याहून ठळक पुरावा नको.

शोधाची शिस्त

अर्थात, दुर्लक्षित कार्डांपैकी बहुतेक दुर्लक्षाच्याच योग्यतेची असतात, हे मान्य करायला हवे. त्यामुळे जोडी सापडल्यावर काही प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावेत. जोडीदार हाती नसताना हे कार्ड काही करते का? हेक्समेज एकटाही लढतो आणि प्लेन्सवॉकर संपवतो, डार्क डेप्थ्स एकटी काहीच करत नाही. दोन्ही बाजू अशा पांगळ्या असतील तर डेक सहसा उभा राहत नाही. जोडी जुळल्यावर डाव जिंकला जातो, की नुसती टाळी मिळते? आणि एकाच स्वस्त उत्तराने सारे कोसळते का? यानंतर निदान वीस डाव खेळून प्रत्येक पराभवाचे कारण वहीत टिपावे. तीच ती कारणे पुन्हा येऊ लागली की बदलायचे कार्ड कोणते ते वहीच सांगते.

यशाचीही एक किंमत असते. जोडी गाजली की कालचे स्वस्त कार्ड महाग होते, आणि ती फारच प्रबळ ठरली तर खेळाचे नियामक तिला रोखतात. २०११ मध्ये ‘मॉडर्न’ हा स्पर्धाप्रकार सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्याच बंदीयादीत डार्क डेप्थ्सचे नाव होते. पाच वर्षांपूर्वी जिच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते, तिच्या वाट्याला आलेला हा सन्मानच म्हणायचा!

म्हणून कमी पैशांत खेळणाऱ्याने पहिल्याच वर्षी विजेतेपदाची आशा धरू नये. पण खोक्यातले प्रत्येक कार्ड एकदा सावकाश वाचावे. ‘बदाम सात’मध्ये सत्ती हाती येणे नशिबाचे असते. येथे कोणत्या पानाला सत्ती करायचे, हे ठरवणे आपल्या हाती असते.