आय बरोबर आय

श्रावणातली संध्याकाळ. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका क्लासमध्ये मी शेवटच्या बाकावर बसले होते. पत्र्यावर पाऊस वाजत होता. फळ्यावर एकच गणित होतं: ई रेज टू एक्स गुणिले साइन एक्स, इंटिग्रेट करा.

शेजारची बारावीची मुलगी पावसहून एसटीने येते. दहावीपर्यंत ती प्रमेय, सिद्धता, स्पर्शिका या शब्दांत गणित शिकली. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचे थिअरम, प्रूफ, टँजंट झाले.

तिने इंटिग्रलला 'आय' म्हटलं आणि बाय पार्ट्स सुरू केलं. कोणतं फंक्शन आधी घ्यायचं हे सांगणाऱ्या लायेटच्या नियमाने साइन आधी घेतला, ई घात नंतर. उरलेल्या इंटिग्रलमध्ये साइनचा कॉस झाला. पुन्हा बाय पार्ट्स. या वेळी मात्र तिने क्रम उलटा केला, ई घात आधी घेतला. चार ओळींनी सगळं कटलं आणि कागदावर उरलं: आय बरोबर आय.

एकही ओळ चुकीची नव्हती, तरी हाती काही लागलं नव्हतं. तिने खोडलं नाही. पेन खाली ठेवून ती कागदाकडे बघत राहिली. सर मागे येऊन उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "अगं, आलीस त्याच वाटेने परत गेलीस." सात-आठ मिनिटं तरी गेली असतील.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला १०८ सेकंद. त्या हिशेबात ही सात-आठ मिनिटं वाया गेली. मला ते मान्य नाही. याच जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणिताच्या परीक्षेत पहिले येऊन सीनियर रँग्लर झाले, ती परीक्षाही घड्याळाशीच झुंज होती. पण १९०९नंतर केंब्रिजने रँग्लरांची क्रमवारी जाहीर करणंच थांबवलं. वेगाने गणिती ओळखता येतो, यावर तिथेही विश्वास उरला नव्हता.

तिने दुसरी पायरी पुन्हा मांडली. आता कॉस आधी, ई घात नंतर. शेवटी आय परत आलाच, पण वजा चिन्ह घेऊन. "सर, हा डावीकडे न्यायचा!" टू आय झालं, दोनने भागलं: ई घात एक्स भागिले दोन, कंसात साइन वजा कॉस. अधिक सी.

बाकीची मुलं पुढच्या गणितावर गेली होती. ती उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढत बसली, मूळचं ई घात साइन परत मिळतं का ते बघायला.