गुपित बेंगळुरूतच राहतं

बेंगळुरूच्या कोरमंगलातल्या एखाद्या छोट्या कंपनीचा संगणक रोज रात्री दिवसभराच्या ऑर्डरींची फाईल मुंबईला धाडतो असं समजा. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आपल्या क्लाउडचं ठाणं सुरू केलं. तिथल्या ‘एस३’ नावाच्या साठवणीत, एका बकेटमध्ये म्हणजे कप्प्यात, ही फाईल जाऊन पडते. सिल्क बोर्ड चौकातला सिग्नल सुटायच्या आत ती पोचलेलीही असते, आणि बेंगळुरूकरांना आधी याचंच कौतुक वाटेल! मला मात्र थक्क करते ती दुसरीच गोष्ट. त्या बकेटला हात लावायचा तर गुप्त किल्ली लागते, आणि ती किल्ली फाईलसोबत मुंबईला कधी जातच नाही.

मग पलीकडच्याला माणूस खरा की खोटा हे कळतं कसं?

किल्लीचे दोन भाग असतात. पहिला वीस अक्षरांचा, उघड, नावाच्या पाटीसारखा. दुसरा चाळीस अक्षरांचा, गुप्त, आणि त्याची प्रत ॲमेझॉनकडे आधीपासूनच असते. फाईल पाठवताना प्रोग्राम आधी एक अर्ज मांडतो: काय करायचंय, कुठल्या बकेटमध्ये, किती वाजता. त्यातल्या ओळींचा क्रमसुद्धा ठरलेला. मग हा अर्ज आणि गुपित एकत्र घुसळून चौसष्ट अक्षरांची सही काढली जाते. अर्जासोबत गुपिताऐवजी जाते ती फक्त ही सही. पलीकडे तोच अर्ज, तेच गुपित, तीच घुसळण. दोन सह्या जुळल्या की दार उघडतं.

शिवकाळातल्या पत्रांवर माथ्याशी मुद्रा असे आणि मजकूर संपतो तिथे मर्यादेची छोटी मुद्रा, म्हणजे खाली कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये. इथे हेतू तोच, पण शिक्का मात्र प्रत्येक पत्रासाठी नवा कोरला जातो. अर्जातला एक स्वल्पविराम हलवा, सहीची जवळजवळ सगळी अक्षरं बदलतात.

या घुसळणीचं नाव एचमॅक. मिहिर बेल्लारे, रान कानेटी आणि ह्यूगो क्राफचिक या तिघांनी ती १९९६ मध्ये मांडली. इथे तिच्या पोटात एसएचए-२५६ नावाचं गणित आहे. ते कुठल्याही मजकुराचा, मग तो एक अक्षर असो की अख्खी फाईल, तेवढ्याच लांबीचा ठसा काढतं, आणि ठशावरून मजकुराकडे परतायची वाट आजवर कुणाला सापडलेली नाही. नुसती फाईल वाचायची असते तेव्हा अर्जासोबत काहीच पाठवायचं नसतं. तरी बहुतेक वेळा त्या ‘काहीच नाही’चाही ठसा जोडला जातो! तो ‘ई३बी०सी४४२’ने सुरू होतो. जगात कुठेही, कुणीही रिकाम्या मजकुराचा ठसा काढला तरी हाच येणार.

पुढची करामत मला सगळ्यात सुंदर वाटते. मूळ गुपिताने थेट सही होतच नाही. गुपितात आधी आजची तारीख घुसळतात, आलेल्या उत्तरात प्रदेशाचं नाव, त्यात सेवेचं नाव, आणि शेवटी एक ठरीव शब्द. हाती येते ती फक्त आजची, फक्त मुंबईची, फक्त एस३ची किल्ली. ती कुणी पळवली तरी हैदराबादच्या ठाण्याचं दार उघडत नाही. तारीख मोजतात जागतिक वेळेने, म्हणून आपल्याकडे पहाटे साडेपाचला, नंदिनी दुधाच्या पिशव्या दारोदार पडत असताना, किल्ली बदललेली असते.

अर्जावर वेळही असते. संगणकाचं घड्याळ पंधरा मिनिटांहून जास्त चुकलेलं असेल तर सही अचूक असूनही अर्ज परत येतो. जुनी सही चोरून पुन्हा वापरणाऱ्याचा त्यामुळे पत्ता कटतो. मात्र कुणी भारतीय वेळच जागतिक वेळ म्हणून भरली, तर साडेपाच तासांचा फरक पडून प्रामाणिक संगणकही दाराबाहेर उभा राहतो.

एवढं गणित रचूनही माणूस ती चाळीस अक्षरं सरळ कोडमध्ये लिहून ठेवतो, त्याला काय करणार? २०१६ मध्ये उबरच्या इंजिनिअरांच्या, गिटहब या कोड साठवायच्या संकेतस्थळावरच्या खासगी कोडमध्ये अशीच किल्ली चोरांना सापडली आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. गणिताला कुणी धक्काही लावला नव्हता.

म्हणून हल्ली कायमची किल्ली द्यायचीच नाही, अशी रीत रुळते आहे. प्रोग्रामला एक भूमिका नेमून देतात. गरज पडली की तो तात्पुरती किल्ली मागून घेतो, आणि मुदत वेगळी सांगितली नसेल तर ती साधारण तासाभरात बाद होते. दोन्ही जाती ओळखायला सोप्या आहेत: कायमच्या किल्लीच्या उघड भागाची सुरुवात ‘एकेआयए’ने होते, तात्पुरतीची ‘एएसआयए’ने. तुमच्या ऑफिसात असला कोड असेल तर ‘एकेआयए’ एवढी चार इंग्रजी अक्षरं त्यात शोधून बघा. सापडली, तर आजच ती किल्ली बंद करून टाका.