आय-५ की आय-७? जास्तीचे पैसे मोजण्याआधी हे बघा

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की लोणी, संगमनेर, कोपरगावपासून अहिल्यानगर शहरापर्यंत घराघरांत एकच चर्चा: लॅपटॉप कुठला? दुकानदार म्हणतो, 'चार वर्षं वापरायचाय, आय-७ घ्या.' वरचे हजारो रुपये मात्र अनेक घरांत उसाच्या बिलातून किंवा दुधाच्या पगारातून जायचे असतात.

हे पैसे मुख्यतः जास्त कोअरचे. आधी डेस्कटॉपचे आकडे बघू, ते सरळ आहेत. इंटेलच्या १२व्या पिढीत आय-३ १२१०० ला ४ कोअर, आय-५ १२४०० ला ६ आणि आय-७ १२७०० ला १२. पण कमाल वेग ४.३, ४.४ आणि ४.९ गिगाहर्ट्झ. म्हणजे आय-३ वरून आय-७ वर गेलं तर कोअर तिप्पट, वेग जेमतेम १४ टक्क्यांनी जास्त.

मग काम तिप्पट वेगाने होईल? साखर कारखान्याचं बघा. तोडणीच्या टोळ्या चाराच्या बारा केल्या तर ऊस लवकर तुटेल, पण वजनकाटा एकच असेल तर गाड्यांची रांग तिथेच लागणार. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हेच मांडलं. कामाचा निम्मा भाग वाटून करता येत नसेल, तर कितीही कोअर लावा, वेग दुपटीच्या पुढे जात नाही.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला जास्त कोअर खरंच उपयोगी पडतात. रेंडरिंगचं बरंचसं काम वाटून होतं. वर्ड, ब्राउझर, पहिल्या वर्षाचे सी प्रोग्राम यांना मात्र फारसा फरक पडत नाही. आणि सेवा केंद्रात सातबारा उघडायला वेळ लागतो तो बहुतेक वेळा नेट किंवा सर्व्हरमुळे. तिथे आय-७ काय करणार?

लॅपटॉपमध्ये तर स्टिकरच फसवा. आय-७ १२५५यू मध्ये मोठे, ताकदीचे कोअर २ आणि मूळ वीजमर्यादा १५ वॅट. आय-५ १२४५०एच मध्ये असे कोअर ४ आणि मर्यादा ४५ वॅट. सलग जड कामात हा 'लहान' आय-५ पुढे जाऊ शकतो, बॅटरी मात्र लवकर संपवतो.

जुना संगणक अडखळत असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीचं काम करा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवा. मेमरी भरली तर रॅम वाढवा. सीपीयूच शंभरीला टेकून राहत असेल, तर जास्त कोअरचा विचार करा. आणि दुकानात नुसतं 'आय-७ आहे का' न विचारता प्रोसेसरचा शेवटच्या अक्षरासकट पूर्ण नंबर विचारा.