वडील मंडळी आणि न्यूमोनियाची लस

वृद्धांस न्यूमोनिया झाला असता पुष्कळदा ताप फारसा चढत नाही. ग्लानी आणि भ्रम तेवढे दिसतात. ‘वय झाले’ म्हणून घरची मंडळी स्वस्थ बसतात आणि अमूल्य वेळ दवडला जातो. यास्तव आधीच लस टोचून घेणे शहाणपणाचे, असे आम्हांस वाटते.

परंतु कोणती? पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यूमोसिल’ ही लस काढली, याचा पुणेकरांस अभिमान आहे. तथापि न्यूमोकॉकस जंतूच्या १० प्रकारांवरील ही लस तान्ह्या बालकांकरिता आहे, आजोबांकरिता नव्हे.

वृद्धांकरिता मार्ग दोन. पहिली लस जंतूच्या शर्करामय आवरणाची, २३ प्रकारांची. तिचा प्रभाव काही वर्षांत ओसरतो. दुसरीत तेच आवरण प्रथिनाशी जोडलेले असते, म्हणून शरीर तिची आठवण अधिक काळ ठेवते. हिच्यात १३, १५ व २० प्रकारांच्या लसी आहेत. २० प्रकारांची एकदा घेतली म्हणजे बहुधा पुरे. १३ वा १५ ची घेतल्यास सामान्यतः वर्षाने २३ ची घेतात. मधुमेह, दमा अथवा हृद्रोग असणारांनी क्रम डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

टोचल्यावर दंड दुखतो, अंग मोडून येते, क्वचित कणकण वाटते. दोन-तीन दिवसांत सर्व शमते. तीव्र ॲलर्जी अतिविरळ, तरी १५ मिनिटे दवाखान्यातच बसावे. ही लस सर्वच न्यूमोनियांस अडवीत नाही, हेही ध्यानात असावे.

नातवाच्या लसींचा कागद आपण कपाटात जपतो. त्याशेजारीच आजोबांचाही, लसीचे नाव व तारीख घालून, असावा.