कापराची आवक-जावक

आमच्या देवघराच्या कोनाड्यात कापराची एक काचेची बरणी असे, आणि तिच्यात चार-दोन मिरे तैनात केल्यावाचून कापूर उडून जावयाचा राहत नाही, अशी आजीची खात्री होती. एका हिवाळ्यात मला असे दिसले की, खिडकीकडील थंड काचेवर, वड्यांपासून चांगले चार बोटे वर, कापराचे बारीक शुभ्र स्फटिक जमले आहेत. ते तेथे चढले कसे?

घन पदार्थातील कण परस्परांच्या आकर्षणाने जागच्या जागी बांधलेले, तरी अखंड थरथरत असतात. द्रवात ते एकमेकांची संगत न सोडता जागा बदलतात. वायूत ही बांधिलकी जवळजवळ संपते. कापूर वितळावयास सुमारे १७५ अंश सेल्सियस तापमान लागते. असे असूनही पृष्ठभागावरचे काही कण, शेजाऱ्यांच्या धक्क्याने अधिक वेग वाट्याला आला की, द्रवाची पायरी न घेता थेट हवेत निघून जातात. यालाच संप्लवन म्हणतात.

वायूचे कण सेकंदाला शेकडो मीटर धावतात, असे झुरिकच्या क्लॉशियसने १८५७ मध्ये प्रतिपादिले, तेव्हा बाइज बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने हरकत घेतली, की तसे असेल तर कोपऱ्यातला वास खोलीभर पसरावयास इतका वेळ का लागावा? हरकत मोठी मार्मिक. मला तर ती उत्तराहूनही प्रिय आहे. क्लॉशियसने १८५८ मध्ये खुलासा केला तो असा, की कणाला सरळ वाट मिळतच नाही, निघाला न निघाला तोच दुसऱ्याशी टक्कर होते. आपल्या भोवतालच्या हवेत ही मोकळी वाट सरासरीने मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याहूनही कमी भरते.

बंद बरणीत असे भटकणारे कण साचत जातात आणि त्यांतले काही वड्यांवर परत रुजू होतात. जावक आणि आवक समसमान झाली की कापूर घटत नाही. थंड काचेपाशी मात्र वेग मंदावलेले कण अधिक अडकतात, म्हणून तेथे स्फटिक. झाकण सैल असेल तर खात्यात निव्वळ जावक उरते.

आजी मिरे मोजून टाकी आणि मग झाकण दोन्ही हातांनी आवळून बसवी. कापूर टिकला तो त्या आवळण्याने. श्रेय मिऱ्यांच्या नावे जमा झाले.