जुनी आवृत्ती आणि परवान्याची मर्यादा

खामगावच्या अडत बाजारात काय किंवा मलकापूर-नांदुऱ्याकडील जिनिंगच्या कार्यालयात काय, पेढीवर नवा संगणक आला की पहिली मागणी बहुधा एकच असते: ‘यात आपले जुनेच चालू करून द्या.’ मागणी केवळ हट्टाची नसते. वजनकाट्याला जोडलेला प्रोग्राम विंडोज ७ खेरीज उघडत नाही, बिले काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नव्या प्रणालीशी जुळत नाही आणि मुनीमजींचा हात जुन्या पडद्यावर बसलेला असतो. मग तंत्रज्ञ खिशातून पेनड्राइव्ह काढतो व तासाभरात काम उरकतो. नव्या विंडोजचे पैसे तर दिलेच आहेत, जुनी तिच्याहून कमी प्रतीची. मग ती घालण्यात वावगे काय, असा हिशेब यामागे असतो.

मालाच्या बाबतीत हा हिशेब बरोबर ठरला असता. कापसाची गाठ किंवा चांदीची वीट घेतली की ती घेणाऱ्याची होते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. तेथे मिळतो तो वापराचा परवाना, आणि कोणती आवृत्ती, किती संगणकांवर, कोणत्या अटींवर वापरायची हे त्यातच लिहिलेले असते. जुनी आवृत्ती वापरण्याची मुभा त्या लेखात असेल तरच ती मिळते.

विंडोजचेच उदाहरण पाहावे. संगणकासोबत आलेल्या विंडोज ११ च्या ‘प्रो’ प्रकाराला विंडोज १० प्रो वापरण्याची मुभा करारात आहे. ‘होम’ प्रकाराला ती नाही. घरगुती वापरासाठी म्हणून स्वस्तातला संगणक घेऊन तो दुकानात मांडणाऱ्यांची येथेच फसगत होते. ‘प्रो’ची मुभाही कायमची नसते. मायक्रोसॉफ्ट त्या जुन्या आवृत्तीला जोवर सेवा देते, तोवरच ती टिकते. विंडोज ७ ची सेवा १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज १० ची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मोठ्या संस्था घाऊक परवाने घेतात, त्यांत मागील आवृत्त्यांची मोकळीक बरीच अधिक असते. सुट्या डब्यातून घेतलेल्या ऑफिसच्या परवान्याला मात्र सहसा ती नसते.

कायद्याची बाजूही व्यापाऱ्याने जाणून घ्यावी अशी आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ६३-ब प्रमाणे अनधिकृत प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा असून त्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. नफ्यासाठी किंवा व्यवसायात वापर नसेल तर न्यायालय कारावास टाळू शकते. पेढीवरील वापराला ती सवलत नाही. याच कायद्याच्या कलम ५२ नुसार अधिकृत प्रत बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्याच्या भीतीने राखीव प्रत काढून ठेवता येते. ती प्रत दुसऱ्या यंत्रावर चालवणे मात्र त्यात बसत नाही.

अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्राने खोट्या मापांबरोबर प्रतिरूपक व्यवहारही मोजला आहे. खऱ्याच्या जागी हुबेहूब नक्कल चालवणे, असा त्याचा अर्थ. पेनड्राइव्हवरील विंडोजला हा शब्द जितका नेमका लागू पडतो, तितका दुसरा क्वचितच सापडेल.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्न थोडा वेगळा आहे. टॅलीचा ‘सिल्व्हर’ परवाना एका वापरकर्त्यापुरता, तर ‘गोल्ड’ अनेकांसाठी. भावाच्या दुकानात तोच सिल्व्हर चालवणे कराराबाहेरचे. शिवाय परवाना पक्का असूनही जुनी आवृत्ती अपुरी पडू शकते. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरबदलाची तारखेनिशी नोंद राहिली पाहिजे व ती सोय बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. भागीदारी किंवा एकल मालकीच्या पेढीला तो लागू नाही. पण ज्यांनी मुलांच्या आग्रहाने पेढीची प्रायव्हेट लिमिटेड केली, त्यांनी याकडे लक्ष द्यावे. जीएसटीची दप्तरे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. नव्या आवृत्तीत रूपांतरित केलेली वही जुनीत बहुधा उघडत नाही, म्हणून बदलापूर्वीची प्रत वेगळी काढून ठेवणे शहाणपणाचे.

मग काट्याचे काय करावे? ज्या यंत्रासोबत विंडोज ७ अधिकृतपणे आली, ते यंत्र त्याच विंडोजसह वापरण्यास हरकत नाही. त्याचे इंटरनेट काढून ते केवळ काट्यापाशी ठेवावे आणि बिलांसाठी, बँकेसाठी नवा संगणक वापरावा. पत्रव्यवहारापुरती गरज असेल तर लिबर ऑफिस विनामूल्य आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्याही राजरोस घेता येतात. जुने यंत्र मोडीत काढून त्याच्या अंगावरील परवान्याची पट्टी नव्याला चिकटवण्याचा प्रकार मात्र करू नये. संगणकासोबत आलेला परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो, आणि ते भंगारात गेले की तोही त्याच्याबरोबर जातो.